चार वाजताची मी

३ मार्च

पोचले एकदाची. चार जिने बॅग चढवताना जीव मेटाकुटीला आला, पण खोलीचं दार उघडलं आणि सगळं माफ करून टाकलं. एक खिडकी, तिच्यासमोर टेबल, एक पलंग, दाराशी हातभर ओटा, एक इवलीशी गॅलरी, आणि एक भिंत अख्खी पिवळी. ही एकच का पिवळी, असं विचारलं तर घरमालकीण म्हणाली, रंग उरला होता. तळमजल्यावर तिचं कपडे मापात करून देण्याचं दुकान आहे. तोंडात टाचण्या धरूनच तिने मला घराचे सगळे नियम सांगितले आणि एकही टाचणी खाली पडू दिली नाही. मी मनातल्या मनात तिचं नाव टाचणीबाई ठेवून मोकळी झाले.

त्रेचाळिसाव्या वर्षी एकटी बाई परदेशात जाऊन राहते म्हणजे हिचं काहीतरी बिनसलेलं असणार, असं आमच्याकडे सगळ्यांचं मत आहे. काही बिनसलेलं नाही. वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, शेवटची सहा वर्षं बाबांच्या आजारपणात गेली, आणि बाबा गेल्यावर एक दिवस लक्षात आलं की मला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही. आई धाकट्या भावाकडे आहे, वहिनी तिला फुलासारखं जपते. लॅपटॉपवरून इंग्रजी शिकवायचं काम कुठूनही करता येतं म्हणतात, तर म्हटलं ते 'कुठूनही' बघून तरी यावं. हे माझं तिसरं शहर. आज चौकात कॉफी पीत तासभर नुसती बसून राहिले आणि कुणीही मला काहीही विचारलं नाही. फार बरं वाटलं.

६ मार्च

काम सुरू. पंचवीस मिनिटांचा एक तास, दिवसाला दहा-अकरा. सकाळी एक दंतवैद्य असतो, त्याला परदेशी पेशंटांना धीर देण्यापुरतं इंग्रजी हवंय. दुपारी एक आजोबा येतात, निवृत्त रेल्वे गार्ड. त्यांची नात दुसऱ्या देशात वाढतेय आणि तिला आजोबांची भाषा येत नाही, म्हणून हे पंच्याहत्तराव्या वर्षी वही उघडून बसलेत. मला ते फार आवडतात.

कंपनीचा एक नियम मात्र डोक्यात जातो. प्रत्येक तासात विद्यार्थ्याने बारा मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि शिक्षकाने त्याला अडवायचं नाही, नुसतं हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवायची. विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढतो म्हणे. शेवटी विद्यार्थी आपल्याला तारे देतात, पाचपैकी. तारे घसरले की तास कमी. माझी जन्माची खोड म्हणजे समोरचा चुकला की मी लगेच तोंड घालते. आईचं वाक्यसुद्धा मीच पुरं करते, आणि ती चिडते. त्यामुळे ही बारा मिनिटं मी अक्षरशः जीभ चावून काढते.

८ मार्च

चादरी धुवायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे ओळीने यंत्रं आहेत, कपडे टाकायचे आणि बाकावर बसून राहायचं. शेजारी लोकरी टोपी घातलेला एकजण बसला होता. बोलता बोलता कळलं की तोही हेच काम करतो, पाच वर्षांपासून. मी बारा मिनिटांचं रडगाणं गायले तर तो हसायलाच लागला. म्हणाला, तुम्ही अजून खरोखरच मान डोलवता?

मग त्याने युक्ती सांगितली. एकदाच बारा मिनिटं कॅमेऱ्यासमोर बसून मान डोलवायची, ते रेकॉर्ड करून ठेवायचं, आणि वाचन सुरू झालं की कॅमेऱ्याच्या जागी ते लावून द्यायचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. समोरच्याला शष्प कळत नाही. तेवढ्यात आपण चहा करावा, अंघोळ करावी, फिरून यावं. त्याने अशा वाचवलेल्या वेळात अख्खं एक पुस्तक लिहून काढलं म्हणे.

वीस वर्षं पोरांना कॉपी करताना पकडणारी मी, घरी येईपर्यंत कुठला स्वेटर घालायचा ते ठरवून बसले होते.

९ मार्च

केलं. दुपारी चार वाजता, कारण तेव्हा खिडकीतून पिवळ्या भिंतीवर छान उजेड येतो. निळा स्वेटर, केस मागे बांधलेले. नंतर बघितलं आणि स्वतःचंच कौतुक वाटलं. किती समजूतदार बाई दिसते. नवव्या मिनिटाला ती केसांची बट कानामागे सारते, ते तर अगदी खरं वाटतं. अर्थात खरंच आहे ते.

१० मार्च

आजोबा वाचायला लागले, मी तिला बसवलं आणि चौकात जाऊन कॉफी पिऊन आले. परत आले तर आजोबा शेवटच्या परिच्छेदावर होते. पाच तारे. दंतवैद्याचेही पाच. शाळा बुडवल्याचा आनंद या वयात मिळाला.

१२ मार्च

हे लिहू की नको असं झालंय, पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

आई रोज माझ्या दुपारी, तिच्या संध्याकाळी, व्हिडिओवर येते. बोलायला लागली की पाऊण तास. टाकीत पाणी कधी आलं, वरच्या मजल्यावरचीने काय तोंड वाकडं केलं, भाऊ कसा जेवताना फोन बघतो. आज माझे तीन तास झाले होते, डोकं भणभणत होतं, कपडे वाळत घालायचे होते. मी सांगितलं की माझा माईक बिघडलाय, माझा आवाज येणार नाही, तू बोल, मी ऐकतेय. आणि माझ्या जागी त्या निळ्या स्वेटरवालीला लावून दिलं.

गॅलरीत कपडे घातले, भांडी घासली. वीस मिनिटांनी येऊन बसले तर आई अजून बोलतच होती. शेवटी म्हणाली, आज किती शांतपणे ऐकलंस गं, मध्ये मध्ये नाही केलंस. तिचे डोळे पाणावले होते. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं.

१६ मार्च

आईसाठी या आठवड्यात तिसऱ्यांदा तीच युक्ती. आता माईकचं कारणही द्यावं लागत नाही.

आज एक गंमत झाली. आजोबांनी ताऱ्यांसोबत दोन ओळी लिहिल्यात. वाचताना एका शब्दापाशी अडलो, बाईंनी थांबवून नीट म्हणून दाखवला, आभारी आहे. वाचताना मी त्यांना थांबवलेलं नाही. मी तेव्हा खाली टाचणीबाईंकडे पँटची शिवण उसवून घेत होते. वय झालंय, दुसऱ्या कुठल्या तासाशी गल्लत झाली असेल. टाचणीबाई मात्र म्हणाली होती की तुमचा आवाज छान आहे, वरून ऐकू येतो, सुया ओवताना बरं वाटतं. कधी ऐकला, ते विचारायचं राहिलं.

१९ मार्च

सकाळी वहिनीचा निरोप आला. ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. आईंनी सगळं तुमच्याशी बोलून मन मोकळं केलं, आठ दिवसांनी काल नीट झोपल्या. आम्ही सांगून थकलो होतो, तुमचं ऐकलं.

सगळं म्हणजे काय? कशाबद्दल?

विचारायचं तर कबूल करावं लागेल की मी तिथे नव्हतेच. आई पोटातलं बोलत होती आणि मी कपडे वाळत घालत होते. दुपारी आईला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, ते झालं ना गं बोलून, परत परत कशाला. तू म्हणालीस घाबरू नको, मग नाही घाबरत.

मी काही म्हणाले नव्हते. माझा तर माईकच बंद होता.

२० मार्च

लाज गुंडाळून भावाला फोन केला. नीट आठवत नाही असं सांगून त्याच्याकडून काढून घेतलं. तो आधी रागावला, मग आवाज पडला त्याचा. आईच्या पोटात गाठ आहे. दोन एप्रिलला ऑपरेशन. आई तयारच नव्हती, बाबांचं झालं तेवढं बस म्हणत होती, मला शांतपणे जाऊ द्या म्हणत होती. मग तू तिला समजावलंस, ताई. तासभर. बाबांच्या शेवटच्या दिवसांत काय झालं, तू कशी त्यांच्या उशाशी बसायचीस, सगळं बोललीस. आम्ही दोघं दाराशी उभे राहून ऐकत होतो.

फोन ठेवला आणि ती फाइल उघडली. बारा मिनिटांची होती. आता तीन तास चाळीस मिनिटांची आहे.

पहिली बारा मिनिटं मी आहे. त्यानंतरही निळा स्वेटर, पिवळी भिंत, चार वाजताचा उजेड. ती पुढे झुकते. हनुवटीखाली हात घेते. आवाज नाही, पण ओठ हलतात. एका ठिकाणी ती रडते, आणि रडताना नाक पुसायची तिची पद्धत माझी आहे. तिने एकदाही आईला मध्ये तोडलेलं नाही.

फाइल काढून टाकली. 

२२ मार्च

आज सगळे तास स्वतः घेतले, जातीने. आजोबा कॅमेऱ्यासमोर येऊन जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग फार नम्रपणे म्हणाले की माझ्या बाई येईपर्यंत मी थांबतो, घाई नाही. मी म्हटलं, अहो मीच. ते हसले, वही मिटली आणि थांबून राहिले. पंचवीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

दंतवैद्याने एक तारा दिला. संध्याकाळी कंपनीकडून पत्र आलं: कॅमेऱ्यावरचा चेहरा शिक्षिकेच्या फोटोशी जुळत नाही, आपल्या जागी दुसऱ्या कुणाला बसवणं नियमाविरुद्ध आहे.

आरशात पाहिलं. मीच आहे. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी.

२३ मार्च

सकाळी लॅपटॉप उघडायच्या आत दिवसाचे चार तास 'पूर्ण' म्हणून दिसत होते. चारही पाच ताऱ्यांचे.

२४ मार्च

त्या दुकानात गेले. टोपीवाला त्याच बाकावर होता. त्याला सगळं सांगितलं, अगदी आईच्या गाठीपासून. तो माझ्याकडे बघून मान डोलवत होता. हसरा, समजूतदार. मला वाटलं, चला, कुणीतरी ऐकणारं भेटलं. मग मी विचारलं की तुम्ही यातून कसे सुटलात, तर त्याने मान डोलवली. तुम्ही घरच्यांशी बोलताना हे वापरलं होतं का? मान डोलवली. तुम्हाला माझं बोलणं कळतंय का?

त्याच्यासमोरचं यंत्र कधीच थांबलं होतं. आत काही नव्हतं. तो डावा कान खाजवायचा, मग मान, मग पुन्हा कान. मी घड्याळ लावून बघितलं. बारा मिनिटांनी एकदा.

दुकानाची बाई म्हणाली, तो असाच असतो, कुणाला त्रास नाही देत.

२५ मार्च

घरी जायचं. आईसमोर उभं राहायचं, तिचा हात धरायचा, खरं काय ते सांगायचं. उद्याचं तिकीट काढलंय. टाचणीबाईला निरोप द्यायला गेले. तिने विचारलं, कुणाला शोधताय? वरच्या बाई तास घेतायत आत्ता. ऐका ना. आणि तिने बोट वर केलं.

मी ऐकलं. माझा आवाज. एका कठीण शब्दाचे तुकडे करून शिकवत होते मी.

वर पळत गेले. खोली रिकामी. लॅपटॉप बंद, वर माझाच टॉवेल पडलेला.

मी टाचणीबाईला काही बोलायला हवं होतं. बोलले नाही. ती बोलत असताना मी नुसती मान डोलवत होते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२६ मार्च

विमानतळावरून परत. नीट लिहून ठेवते, म्हणजे वेड लागलेलं नाही हे मला तरी कळेल.

तपासणीवाला अधिकारी पासपोर्टवरचा फोटो बघत होता आणि मला बघत होता. विचारलं, हा पासपोर्ट तुमचा आहे? मी मान डोलवली. मग विचारलं, की दुसऱ्या कुणाचा? मान डोलली. मी डोलवली नाही. डोलली. चेहऱ्यावर हसूही आलं असणार, कारण तो चिडला. तीन तास एका खोलीत बसवून ठेवलं. पासपोर्ट ठेवून घेतला. चौकशी होईपर्यंत शहर सोडायचं नाही.

समजलं ते एवढं: कुणी बोलत नसेल तर मी बोलू शकते. समोरचं माणूस बोलायला लागलं की माझं तोंड मिटतं आणि मान हलते. आणि कधीतरी हात आपोआप कानाकडे जातो, बट सारायला.

२७ मार्च

भावाला लिहून कळवलं. सगळं, पहिल्यापासून. त्याचं उत्तर: कोण आहात तुम्ही? हा नंबर कुठून मिळाला? माझी बहीण आत्ता आईशी बोलतेय, माझ्यासमोर. घरात आजारपण आहे, कृपा करून असले खेळ करू नका.

माझ्या भावाने मला अहोजाहो केलं. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं.

२९ मार्च

आईला व्हिडिओ लावला. ती दिसल्याबरोबर, ती बोलायच्या आत, मी एका दमात म्हटलं, आई मी आहे, ती मी नाही, मला ओळख.

आईने चष्मा सारखा केला. पडद्याजवळ आली. किती वाळलीये. कपाळावरची शीर दिसते. तिने मला नीट, अगदी नीट बघितलं.

मग म्हणाली, अहो ताई, चुकून लागला वाटतं फोन. कुणाला लावायचा होता तुम्हाला?

माझी मान –

तिने वहिनीला हाक मारली. म्हणाली, बघ गं, कोण बाई आहे बिचारी, रडतेय आणि हसतेय.

३१ मार्च

ती माझ्यापेक्षा चांगली आहे. हे लिहायला हवं. वहिनीचे तिला आलेले निरोप मलाही दिसतात: आईला औषधाची आठवण करून देते. वहिनीला बरं वाटेल असं बोलते. आजोबांनी नातीशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवलं, तसं लिहिलंय त्यांनी. मला हे सहा महिन्यांत जमलं नसतं.

मग मी कशाला हवीये?

नाही. मला हवीये. मला माझी आई हवीये.

१ एप्रिल

खोलीत सारखे चार वाजलेले असतात. सकाळी उठले तरी भिंतीवर तोच उजेड. आरशाकडे बघत नाही. स्वेटर काढला, तरी अंगावर –

उद्या. उद्या एकदाच. आत नेण्याआधी. मोठ्या कागदावर लिहून ठेवलंय, ठळक. तोंड मिटलं तरी कागद दाखवता येईल. हात अजून माझं ऐकतात.

२ एप्रिल

साडेनऊ. तिकडे दुपारचा एक. लॅपटॉप उघडला तर फोन आधीच चालू. पडद्यावर तीन चौकटी. दवाखान्यातल्या पलंगावर आई. निळा स्वेटर घातलेली ती. आणि कोपऱ्यात मी.

आई बोलतेय तिच्याशी, म्हणजे मी काही म्हणू शकत नाही. लिहितेय. आई सांगतेय की रात्री भीती वाटली पण तुझं आठवलं. ती ऐकतेय. मी पण ऐकतेय आई. पहिल्यांदा सगळं ऐकतेय, एक शब्द सोडत नाहीये.

कागद धरला. कॅमेऱ्यासमोर. आई मी आहे.

आईने बघितलं. म्हणाली, चष्मा काढून घेतलाय गं यांनी, काय लिहिलंय दिसत नाही. ही परवाची बाई का? ती, ती दुसरी, नुसती माझ्याकडे बघतेय. हसत नाहीये. वाट बघतेय.

न्यायला आलेत. पलंग हलवतायत. आई म्हणाली, थांबा हो जरा, त्या बाईंशी बोलते. माझ्याशी. आई माझ्याशी बोलतेय.

विचारलं, तुम्हाला आई आहे का हो?

मान डोलली. हसत. ही माझी होती, ही मीच डोलवली, आई, ही –

आई म्हणाली, मग तिला फोन करा. वाट बघत असेल. आणि काही नाही हो, नुसतं तिचं ऐकून

दार. आईची चौकट रिकामी, नुसता पलंगाचा कठडा दिसला आणि गेला. आता दोनच. ती आणि मी. आता कुणी बोलत नाहीये, म्हणजे मला बोलता येईल, आईला ऐकू जाईल का, दार अजून पुरतं लागलं नाही, आई, मी